पुंडलीकाने दिलेली वीट

पुंडलीकाने देवाला विटेवर उभे केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपण देवाच्या उभे राहण्यातच रमतो. त्या वेळी पुंडलीकाचे हात कोठे होते, इकडे लक्ष जात नाही. ते आईबापांच्या पायांवर होते. परब्रह्म दारात आले तरी सुटले नाहीत.

आता वरळीकडे या. बी. डी. डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत जन्म काढलेली कित्येक कुटुंबे २०२५ च्या ऑगस्टपासून उंच इमारतीत राहावयास गेली. विठ्ठलकृपाच म्हणावयाची! पण चाळीत साऱ्यांच्या उबेत निजणारी आजी आता निराळ्या खोलीत गार फरशीवर पाऊल ठेवते. पुंडलीकाने देवाला निदान वीट तरी दिली. आपण आईच्या पायांखाली चटई घातली का?

मुंबईला कसली आली थंडी, असे कोणी म्हणेल. अहो, २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता! एरवी इतकी पडत नाही, हे खरे. परंतु म्हातारपणी अंगची ऊब घटते आणि थंडी वाजते आहे हेही पुष्कळदा उमजत नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो. म्हणून "मला काही होत नाही रे" या बोलण्यावर विसंबू नये. हातपाय आपण चाचपून पाहावे.

काकड्याला जाणाऱ्यांना कोण अडविणार? जावे, पण कानटोपी, पायमोजे घालून. एका जाड कपड्याहून दोन-तीन पातळ कपडे बरे. गार पाण्याच्या स्नानाचा हट्ट मात्र सोडावा, ऊन पाण्याने पुण्य विरघळत नाही! दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये; तिच्या विषारी वायूला वास नसतो, निजलेला माणूस निजलेलाच राहतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही, तेव्हा शेकण्याचे पाणी घरच्यांनी हात लावून पाहावे. तहान नसली तरी कोमट पाणी देत जावे.

दिंडीला पंगत घालणारा गृहस्थ आणि घरी बापाच्या अंगावर विरलेली वाकळ, असे दिसले की मन विटते.

कार्तिकीला आळंदीस म्हाताऱ्यांना नेणारांनी ध्यानात ठेवावे: इंद्रायणीकाठची पहाट वरळीहून गार असते. राहुटीत सतरंजीखाली आणखी एक घोंगडी अंथरावी, गारवा जमिनीतूनच वर येतो. आणि रात्री उठून त्यांच्या अंगावरचे पांघरूण सरकले का, ते एकदा पाहावे.