दरियात टाकलेली नेकी

ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जाऊन बसले म्हणजे मनुष्याच्या दातृत्वाचे दर्शन फार स्वस्तात घडते. आरतीची वेळ जवळ आलेली असते. द्रोणांतले दिवे एकामागून एक प्रवाहात सोडले जात असतात, आणि ‘नर्मदे हर’ म्हणत कोणी ना कोणी पाण्यात नाणे टाकीत असतो. नाणे तळाशी जाते न जाते तोच घाटावरचे एखादे पोर दोरीला बांधलेले लोहचुंबक नेमके तेथेच सोडते. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची असल्यामुळे ती चुंबकाला चिकटतात. जुन्या तांब्याच्या पैशाने या उद्योगी मुलांची निराशाच केली असती.

परवा असे एक पोर पाहून एक सद्गृहस्थ खवळले. नर्मदामाईचा पैसा चोरतोस काय, म्हणून त्यांनी त्याला दरडावले. पोर दोरी गुंडाळीत म्हणाले, “बाबूजी, आपने तो दे दिया था न?”

सद्गृहस्थ निरुत्तर झाले. खरे सांगायचे तर मीही झालो.

‘नेकी कर, दरिया में डाल’ ही म्हण हिंदी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी माणसांच्याही तोंडी बसली आहे. उपकार करावा आणि विसरून जावे, एवढाच तिचा अर्थ. आम्ही नेकी दरियात टाकतोही. फक्त दोरीचे दुसरे टोक हातात ठेवतो. एखादे आप्त प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात की, अमक्याला नोकरी लागली ती माझ्या शब्दामुळे. कचेरीतले वरिष्ठ एकदा दिलेल्या चार दिवसांच्या रजेची आठवण चार वर्षे देतात. आणि आहेराची वही तर घराघरांत देवाच्या पोथीइतकीच जपून ठेवलेली असते.

परक्याला देणे त्या मानाने सोपे. १३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीची परिक्रमा करणारे लोक तिला उजव्या हाताशी ठेवून चालत असतात. वाटेवरच्या गावांतून त्यांना शिधा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी घेणारा पुढे निघून जातो. देणाऱ्याला त्याचे तोंड पुन्हा दिसत नाही, म्हणून विसरणेही साधते. घरातला घेणारा मात्र रोज समोरच्या पाटावर जेवायला बसतो.

मी स्वतःला या बाबतीत बरा समजत होतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला की, या वर्षी येणे जमत नाही. माझ्या तोंडून निघून गेले, “तुझ्या शिक्षणासाठी मी किती वर्षे जुन्या सायकलीवरून कचेरी गाठली, ठाऊक आहे?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बाबा, नवी सायकल तेव्हा केवढ्याला येत होती? पाठवून देतो.” त्या रात्री घरात कोणी फारसे जेवले नाही.

येथे ‘देणाऱ्याने हिशेब ठेवू नये’ असा बोध काढून लेखणी खाली ठेवता आली असती. परंतु मला आमच्या काकू आठवतात. एकत्र कुटुंबातल्या बारा माणसांचा स्वयंपाक त्यांनी तीस वर्षे केला आणि त्याचा एका शब्दानेही उच्चार केला नाही. “काकूंनी कधी बोलून दाखवले नाही हो,” असे आम्ही सगळे कौतुकाने म्हणत असू. हे कौतुक करणारे सगळे जेवणारे होते, हे मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आले. ज्याच्या नावावर बाकी निघते, त्याला वही मिटलेलीच आवडते. पुढे काकू थकल्या, तेव्हा त्यांनी कोणाकडे राहावे यावर घरात तीन दिवस खल चालला. काकू स्वयंपाकघरात बसून तो ऐकत होत्या. त्या बैठकीत मीही होतो, आणि मीही काही बोललो नाही.

म्हणून मला वाटते की, म्हण खोटी नाही, अपुरी आहे. ती देणाऱ्याला विसरायला सांगते. घेणाऱ्याने काय करावे, याविषयी गप्प बसते. हिशेब बुडवणे हे काही औदार्य नव्हे. तो ठेवलाच पाहिजे. वही तेवढी घेणाऱ्याच्या हाती असावी. देणाऱ्याने ती उघडली की उपकाराचे कर्ज होते. घेणाऱ्याने मिटली की त्याला कृतघ्नता म्हणतात. घाटासमोर, पलीकडच्या तीरावर, गुरुद्वारा आहे. तेथे लंगरात जेवून उठलेला मनुष्य पुष्कळदा स्वतःच भांडी घासायला किंवा वाढायला उभा राहतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नसते, आणि जेवला किती हेही कोणी मोजलेले नसते.

त्या संध्याकाळी घाटावरून परतल्यावर मी चिरंजीवांना फोन केला. सायकलीचा विषय काढला नाही. काकूंची हकीकत मात्र त्या तीन दिवसांसकट सविस्तर सांगितली. ती बाकी माझ्या नावावरची होती, आणि घेणाऱ्याची वही कशी वाचतात हे त्याने माझ्याकडून अद्याप ऐकलेच नव्हते.