खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून राठ झालेल्या खांद्यांना तूप-हळद लावतात, हलक्या हाताने शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरच्या शिवारात ट्रॅक्टर वाढले, जोड्या कमी झाल्या, तरी ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याच्या घरी हा रिवाज चुकत नाही. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खांदा दुरून शेकता येत नाही. बैलाजवळ जावं लागतं, हात लावावा लागतो. कुठं सोललं आहे, कुठं गाठ आली आहे, हे हाताला कळलं तरच शेक नेमक्या जागी बसतो.

याच दिवसांत पऱ्हाटीच्या ओळींमध्ये आणखी एक खांदा वाकलेला असतो. त्यावर 15-16 लिटरचा फवारणीचा पंप असतो. त्या खांद्याविषयी मला आज लिहायचं आहे, कारण त्या खांद्याचं मी देणं लागतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातलाच एक रोजंदार आमच्या शेतात औषध मारायला आला होता. मी धुऱ्यावर उभा राहून म्हटलं, “तोंडाले फडकं बांध बरं, अन् हवा पाहून मार.” तो म्हणाला, “हो जी, काकाजी.” माझं काम झालं, असं समजून मी घरी आलो. सांजवेळी त्याचा मुलगा धावत आला. बापाला घाम फुटला होता, डोळ्यांपुढे अंधुक झालं होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. आम्ही त्याला तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “कोणतं औषध होतं? बाटली आणली का?” बाटली धुऱ्यावरच राहिली होती. औषधाचं नाव मला सांगता आलं नाही. मला तिच्या झाकणाचा रंग तेवढा आठवत होता.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने त्याला विचारलं, तेव्हा खाटेवरून तो म्हणाला, “काकाजीनं सांगतलं होतं. मीच नाही ऐकलं.”

हे वाक्य मला आजवर सोडत नाही. त्याने माझी सुटका केली होती आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. पण मी त्याला खरंच काय सांगितलं होतं? फडकं भिजलं की विष नाकातोंडाशी धरून ठेवतं, हे सांगितलं नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय खर्रा तोंडात टाकायचा नाही, अंगावर सांडलं तर कपडे तिथंच उतरवून आंघोळ करायची, हे मी सांगितलं नव्हतं. मी एक वाक्य उच्चारलं होतं आणि त्यालाच जबाबदारी मानलं होतं.

वडनेरहून महामार्गाने पांढरकवड्याकडे निघालं की वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. 2017 च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक माणसं दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, म्हणून नोझल वर धरून मारावं लागत होतं आणि फवारा अंगावरच उतरत होता. हवा दमट होती, वारा पडलेला होता. किडीचा जोर पाहून दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. नव्या बॅटरीच्या पंपांचे तुषार इतके बारीक होते की ते श्वासात सहज जात. कारणं इतकी सगळी असताना तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य एकच होतं: मजुरांनी काळजी घेतली नाही. माझ्या रोजंदाराने खाटेवरून स्वतःविषयी जे म्हटलं, तेच यवतमाळच्या माणसांविषयी इतरांनी म्हटलं.

काळजी घ्यायला आधी धोका दिसावा लागतो. आपण तर विषालाच औषध म्हणतो. दुकानातून औषध आणतो, औषध मारतो, औषधाचा डबा घरात ठेवतो. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा, असा उतरता क्रम आहे. बाटलीसोबत घडी केलेलं माहितीपत्रकही असतं. ते हिंदी, इंग्रजी आणि त्या भागाच्या भाषेत असावं, असा नियम आहे. पण ती बारीक अक्षरं शेतात उन्हात कोण वाचणार? ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यासाठी ते पत्रक कोरा कागदच आहे. पत्रक बाटलीसोबत दिलं की माहिती दिली असं मानायचं, हे माझ्या धुऱ्यावरच्या वाक्यासारखंच झालं.

कायदा याबाबत मुका नाही. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा आणि नियम 1971 चे. संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन, प्रथमोपचार, विषावरचे उतारे, या सगळ्यांविषयी त्या नियमांत लिहिलेलं आहे. उत्पादक, वितरक आणि फवारणीची कामं घेणारे यांनी कामगारांना खबरदारीचं आणि साधनं वापरण्याचं प्रशिक्षण देण्याची व्यवस्था करावी, असंही त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे शिकवणं हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे, हे अर्धशतकापूर्वीच लिहून झालं. पण हे कर्तव्य कारखान्यातून निघून वितरकाकडे, वितरकाकडून कृषी केंद्राकडे, तिथून शेतमालकाकडे घरंगळत येतं आणि शेवटी ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्याच माथी बसतं. मधल्या प्रत्येकाने कुणाला तरी ‘सांगितलेलं’ असतं.

यातली दुःखाची बाब अशी की कामगाराला शिकवण्याचं कर्तव्य आपल्या कारखाने कायद्यात ठसठशीतपणे आलं, तेही कीटकनाशकांच्याच एका कारखान्यामुळे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. त्यानंतर 1987 मध्ये 1948 च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्यं सांगणारं कलम आलं. कामगारांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवावी, असं ते कलम सांगत होतं. विष जिथं तयार होतं तिथं हे चार शब्द पोचले. तेच विष जिथं उघडलं जातं, त्या धुऱ्यावर ते अजून पोचायचे आहेत.

मी या चार शब्दांवर पुष्कळ विचार केला आहे. माहिती म्हणजे धोका काय आहे हे कळणं. सूचना म्हणजे काय करायचं आणि काय टाळायचं हे ऐकणं. प्रशिक्षण म्हणजे ते हाताने करून पाहणं, चुकणं, पुन्हा करणं, हाताला सवय लागेपर्यंत करणं. आणि देखरेख म्हणजे शिकवणाऱ्याने नंतरही तिथं असणं. पहिल्या दोन गोष्टी बोलून होतात. पुढच्या दोन गोष्टींना वेळ द्यावा लागतो, जवळ जावं लागतं, म्हणून आपण दुसऱ्या शब्दापाशी थांबतो. कारखान्यांत 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, वहीवर सह्या घेतल्या जातात. शपथ चांगलीच आहे. पण सही घेणाऱ्याने स्वतःला विचारावं, की ही सही मी कुणासाठी घेतो आहे? अपघात झाला तर आपल्याला दाखवता यावी म्हणून, की अपघात होऊ नये म्हणून? सूचना देणारा बहुधा स्वतःला वाचवत असतो. शिकवणारा समोरच्याला वाचवतो.

शिकवणं किती गरजेचं आहे, हे आमच्या जिल्ह्याने फार महाग मोलाने पाहिलं आहे. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) इथल्या मैदानावर जुनी स्फोटकं नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला आणि 6 जणांचा जीव गेला. त्यांत आजूबाजूच्या गावांतून ठेकेदारामार्फत आलेले रोजंदारही होते. सकाळी मजुरीला निघालेल्या माणसाला आपण कशाच्या पेट्या उचलतो आहोत हे नीट समजावून देणं, हे त्याच्या मजुरीइतकंच त्याचं देणं आहे. आणि काम जितकं थोड्या दिवसांचं, माणूस जितका नवा, तितकं हे देणं मोठं होतं. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये हंगामापुरता आलेला पोरगा असो की आमच्या शेतातला रोजंदार, त्याला म्हटलं जातं, “पाहून पाहून येते.” पाहून पाहून काम येतं हे खरं, पण धोका पाहून येत नाही, तो एकदाच दिसतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने हे ओळखलं होतं. कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी कामगारासारख्याच लागू राहतील, असं त्यात म्हटलं आहे. तो अजून शिकतो आहे, म्हणून त्याच्या जिवाचं मोल कमी होत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता अमलात आली आहे. व्यवसायातील सुरक्षितता आणि आरोग्याची ही 2020 ची संहिता साधारणपणे 10 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दोन मजूर लावून 5 एकर कपाशी करणारा शेतकरी तिच्याबाहेर राहतो. त्याला मी दोष देत नाही. तो बहुतेक वेळा स्वतःच्याच पाठीवर पंप घेतो आणि त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं. पण कायद्याने 10 पर्यंत मोजलं, म्हणून आपल्या मनानेही तिथूनच मोजायला सुरुवात करावी का? धुऱ्यावरचा एक माणूसही पुरेसा असावा.

शिकवायचं कसं, याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी गांधीजींची नई तालीम तिथून देशापुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताने केलेलं डोक्यात आणि मनात मुरतं, हे ज्या जिल्ह्यातून सांगितलं गेलं, त्याच जिल्ह्यात आम्ही जिवावरच्या कामाचं शिक्षण एका वाक्यात उरकावं, याची मला लाज वाटली.

म्हणून पुढच्या हंगामाआधी मी एक प्रयोग केला. पंपात साधं पाणी भरलं, त्यात रंग कालवला, अंगात जुना पांढरा सदरा-पायजमा घातला, तोंडाला मास्क लावला आणि पंप आधी माझ्या पाठीवर घेतला. तोच रोजंदार आणि आणखी चौघे धुऱ्यावर उभे होते. चार ओळी मारून मी बाहेर आलो. मांड्यांवर, पोटावर, बाह्यांवर रंगच रंग होता. झाकण उघडताना दोन्ही तळवे रंगले होते. पाठीवर, पट्ट्याखाली, पंप गळत होता त्या जागी मोठा डाग पडला होता. खांद्याला पट्टा काचत होता आणि अर्ध्या तासात मास्कमध्ये श्वास कोंडत होता. दुपारी हा मास्क माणूस का काढतो, हे मला तेव्हा कळलं. मास्क आणि हातमोजे हा शेवटचा बांध आहे. त्याच्या आधीचे बांध मालकाने घालायचे असतात: गरज असेल तरच फवारणी, कमी विषारी पर्याय, न गळणारा पंप, सकाळची वेळ, धुऱ्यावर साबण आणि पाणी, आणि बाटली हाताशी.

मग एकेकाने तेच केलं. कुणाचा रंग कुठं पडला ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी एकालाही लांबण लावून काही सांगावं लागलं नाही.

त्या भाद्रपदात एका सकाळी तो रोजंदार पंप न भरताच धुऱ्यावर बसलेला दिसला. मी जवळ गेलो. तो उभा राहिला, थोडा अडखळला आणि म्हणाला, “काकाजी, हवा उलटी हाये. आज नाही मारत.”

वर्षभरापूर्वी याच माणसाने माझा दोष स्वतःवर घेतला होता. आज तो मला नाही म्हणत होता. मी त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी दिली आणि आम्ही दोघांनी मिळून पंपाचा पट्टा जिथं त्याच्या खांद्याला काचत होता, तिथं जुन्या गोधडीची घडी शिवून लावली.