विकास आणि आत्मौपम्य

भोपाळचे टी. टी. नगर येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांच्या नावाने ओळखले जाते. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूरहून आलेल्या अनेक मराठी कर्मचाऱ्यांनी या शहरात संसार थाटले. ज्यास विकासाने नोकरी व निवारा दिला, त्याच्या मुलास विकास म्हणजे काय, हा प्रश्न सहजी पडत नाही. तो महाविद्यालयात शिकवावा लागतो.

याच शहराच्या उत्तरेस युनियन कार्बाइडचा कारखाना होता. पिके किडीपासून वाचविणारे औषध बनविणे, हा त्याचा हेतू काही निंद्य नव्हता. पण २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथून विषारी वायू सुटला, आणि समोरच्या जयप्रकाश नगरात व आसपासच्या वस्त्यांत हजारो माणसे मेली. उत्पादन किती वाढले, हे अर्थशास्त्र सांगते. त्याची किंमत कोणी मोजली व त्यास कोणाची संमती होती, हे नीतिशास्त्राने विचारावयाचे असते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेण्यात आला. तेथील लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले. तरी तो पुढे तेथेच जाळण्यात आला. कचरा भोपाळातच ठेवावा, तर चाळीस वर्षे सोसलेल्यांनी आणखी सोसावे काय? हलवावा, तर ज्यांचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, त्यांच्या दारी तो का न्यावा? श्रीमंत राष्ट्रे आपले धोके गरीब राष्ट्रांकडे सरकवितात, ही आपली तक्रार खरी आहे. परंतु घरात आपणही तीच रीत पाळली, तर त्या तक्रारीचे बळ किती उरेल?

अध्यापकाने येथे तयार उत्तर देऊ नये. भोपाळच्या विद्यार्थ्याने पिथमपूरकराची बाजू मांडावी, आणि पिथमपूरच्या विद्यार्थ्याने वायुपीडिताची, एवढाच आग्रह धरावा. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच मानणे, यालाच गीता आत्मौपम्य म्हणते. देवळात हात जोडून सर्वांभूती परमेश्वर आहे असे म्हणणे सोपे आहे. कारखान्याच्या कुंपणाला ज्याचे घर लागून आहे, त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून तेच म्हणता आले, तर आपले शिक्षण पुरे झाले असे समजावे.