वासनिकाची चाकरी

चाकरीत बढतीची इच्छा धरणे हा विकार आहे काय, असा प्रश्न पांचाळेश्वरी आत्मतीर्थाच्या दर्शनास येणारे आपले नोकरदार वासनिक करतात. अनुसरलेल्यास त्याचे उत्तर सोपे आहे, वासनिकास नाही. त्याला प्रपंच चालवावयाचा आहे.

म्हाइंभटांकडे पाहावे. रिद्धपुरी लीळांचे संकलन करताना त्यांनी ज्याची त्याची गाठ घेतली, आणि मिळालेल्या लीळा आचार्य श्रीनागदेवांकडून पडताळून घेतल्या. विद्वत्ता मोठी, तरी आपला शब्द अखेरचा मानिला नाही. काम चोख व्हावे ही आस विकार नव्हे. त्या कामावर ‘मी’ चढला की विकार सुरू होतो. बढती आली तर घ्यावी. तिच्यापायी सहकाऱ्याविषयी किल्मिष धरिले तर विकल्प, त्याच्या पोटावर पाय दिला तर हिंसा.

मात्र हे निरूपण सर्वांस सरसकट सांगू नये. आपल्याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे फडात उतरावे, मोळ्या बांधाव्या, डोक्यावर वाहून गाडी भरावी; मजुरी टनावर, आणि तीतून आधी उचल फिटावयाची. त्यांच्या कामात चोखपणा उणा नाही, पण बढती नावाची पायरीच नाही. अशांना उचल देणाराच संतोषाचा महिमा सांगू लागला, तर ते शास्त्र नव्हे, त्याचा लोभ होय. त्याने प्रथम वजनाचा आणि उचलीचा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा.