अम्मीचं 'नक्को'

परमुलखातून आलेल्या माणसाने इथल्यासारखं व्हावं, अशी आपली सहज अपेक्षा असते. तो तसा झाला की आपण कौतुकही करतो. पण ज्या घरात तो येतो, त्या घराने त्याच्याकडून काही शिकायचं असतं की नाही? हा प्रश्न आम्हा भावंडांना फार उशिरा पडला.

आमचे अब्बा मावळातले, अम्मी हैदराबादची. लग्न होऊन लोहगडवाडीला यायचं तर मळवली स्टेशनावर उतरून, भाजे गावावरून डोंगर चढायचा. शहरात वाढलेल्या अम्मीने पहिल्याच पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेतलं आणि भातलावणीला वाकली. राब कसा भाजायचा, चिखलणी कधी करायची, भाकरी कशी थापायची, हे सारं ती वाडीतल्या बायांकडून शिकली. बाया तिला भाबी म्हणत. तिचं मराठीही हळूहळू मावळी झालं. एक शब्द मात्र तिच्या जिभेवरून हलला नाही: 'नक्को'.

एकदा ती आमचा विसरलेला डबा घेऊन शाळेत आली. कुणी बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "नक्को, नक्को." वर्ग हसला. घरी आल्यावर आम्ही तिला बजावलं, "अम्मी, शाळेत बोलत जाऊ नकोस." ती रागावली नाही. पुढे डबा आणायची, पण फाटकाबाहेर उभी राहायची.

मोठेपणी कळलं की दखनीतला हा 'नक्को' मुळात आपल्या मराठीतलाच 'नको'. शतकांपूर्वी मराठीने शेजारणीला दिलेला शब्द अम्मी मराठीच्याच अंगणात परत घेऊन आली होती, आणि आम्ही तिला परकी ठरवलं होतं. उलट बाजूनेही तेच. लोहगडाचे चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. नावं इथली, 'दरवाजा' फारसी. शेतकरी ज्यांच्यावर वर्ष मोजतो ते खरीप आणि रब्बी हे शब्द अरबी. खरीप म्हणजे शरद, रब्बी म्हणजे वसंत. मग आपलं काय आणि परकं काय, याची रेघ आम्ही कुठे ओढणार होतो?

कुणी म्हणेल, आलेल्याने शिकावं हे रीतीलाच धरून आहे. खरं आहे, अम्मी शिकली म्हणून तर वाडी तिची झाली. पण शिकणं वेगळं आणि स्वतःचं पुसून टाकणं वेगळं. शिवाय हे शिकण्याचं ओझं बहुधा बाईच्याच डोक्यावर येतं. हमीद दलवाई कोकणातल्या मिरजोळीचे. मेहरुन्निसाबाई पुण्यात उर्दू बोलणाऱ्या घरात वाढलेल्या. तरी त्यांचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन मराठीत आहे. असा पल्ला गाठणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो. ती येताना काय घेऊन आली होती, हे विचारायचं राहून जातं.

आपणा मराठी मुसलमानांना तर हे दुखणं दोन्हीकडून ठाऊक आहे. मराठी मंडळी विचारतात, "तुम्ही घरी उर्दू बोलत असाल ना?" उर्दूवाले विचारतात, "मराठीत का लिहिता?" १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते आपणही या भाषेचे आहोत हे सांगण्यासाठीच. हा हक्क आम्ही जगाकडे मागत होतो, आणि घरात अम्मीला मात्र फाटकाबाहेर उभं करत होतो.

अम्मी गेल्यावर तिची ट्रंक उघडली. आत तिच्या बहिणीची पत्रं होती, जपून बांधलेली, उर्दूतली. मक्तबात आम्ही कुरआन वाचायला शिकलो होतो. अक्षरं ओळखीची वाटली, पण खालाच्या घाईच्या अक्षरांतली एक ओळही लागेना. तिने आमच्यासाठी एक अख्खा मुलूख शिकून घेतला, आणि आम्हाला तिची चार पत्रं वाचता येईनात. कुणा जाणकाराकडून ती वाचून घेता आली असती. पण ते आम्हाला पटलं नाही.

आता आम्ही उर्दू शिकायला बसलो आहोत. वय झालं आहे, गती कमी आहे. पहिल्या पत्राच्या तीन ओळी लागल्या. खालाने विचारलं आहे, "वहाँ तेरी ज़बान कोई समझता है क्या?"

अम्मीने काय उत्तर लिहिलं असेल, ते पत्र आमच्याकडे नाही.