लग्न पुढे ढकलता येतं

घरात तान्हं बाळ असताना लग्न निघालं, की पहिली तडजोड बाळाच्या आईला करावी लागते. ती कुणी मुद्दाम लादत नाही. गुरुजी मुहूर्त काढून देतात, हॉल मिळेल त्या तारखेला घ्यावा लागतो, नवऱ्या मुलाची रजा ठरलेली असते, मुलीकडच्यांची सोय पाहायची असते. या सगळ्यांतून जो दिवस उरतो तो बाळंतिणीला कळवला जातो. त्या दिवशी बाळ किती महिन्यांचं असेल, अंगावर पीत असेल का, कुठली लस राहिलेली असेल, हे प्रश्न नंतर निघतात आणि त्यांची उत्तरं तिनेच शोधायची असतात. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा हवा. तारीख, जागा, पाहुण्यांची संख्या, विधी, लग्नातलं सगळं काही बदलता येतं. बाळाचे पहिले महिने मागेपुढे करता येत नाहीत. तेव्हा सरकायचं ते लग्नाने.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुंबईत देवनारला आले आणि थोड्याच दिवसांत धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मला मनापासून आनंद झाला. त्याची करवली मी, मागे दिवा घेऊन उभी राहणार मी. त्यामुळे याद्या करायला मी स्वतःहून बसले. केळवणांच्या तारखा, पत्रिकेचा मजकूर, मानपानाची यादी, केटररशी बोलणं, आत्याकडचे किती आणि गावाकडचे किती, हे सगळं हळूहळू माझ्या फोनवर आलं. आई म्हणायची, ‘तू घरीच आहेस, तर तेवढं बघ.’ त्यात वाईट हेतू कणभरही नव्हता. घरी असणं म्हणजे मोकळं असणं, हा आपल्या सगळ्यांचाच समज आहे आणि मला भांडायचं आहे ते त्या समजाशी.

बाळंतपणाची रजा हा मोकळा वेळ नाही. ती मिळवायला या शहरात मोठा वाद घालावा लागला होता. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली कायदा झाला. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. जवळपास नव्वद वर्षांची ही वाटचाल बाईला विसावा मिळावा म्हणून झाली. मालकाने सोडलेला तो वेळ घराने लग्नाच्या कामाला लावावा, हे मला मान्य नाही. आंबेडकरांचा प्रश्न, विश्रांतीचा भार कुणी उचलायचा, आता घरात विचारण्याची वेळ आली आहे.

तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी पितं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. पाजणं, ढेकर काढणं, दुपटं बदलणं, निजवणं झालं की मध्ये जो तुकडा उरतो, तेवढाच आईच्या झोपेचा असतो. लग्नघराला नेमका तोच लागतो. कामं दिसायला बारीक असतात, एक फोन, एक निरोप, एक रक्कम. पण ती लक्षात ठेवावी लागतात, आणि अपुऱ्या झोपेच्या बाईला लक्षात ठेवण्यासारखं जड काम नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष 88. लग्नघरात ही दरी आणखी रुंदावते, हे डोळ्यांनी दिसतं. पुरुष हॉलचे पैसे भरून येतात आणि ते काम संपतं. बाईचं काम पाहुणे परत गेल्यावरही संपत नाही.

आमच्या देवनारमध्येच, गोवंडी स्टेशन रोडवर, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथून चालतं. त्याच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली साधारण चौथा हिस्सा बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. म्हणजे लग्नघरात वावरणाऱ्या चार बाळंतिणींपैकी एकीच्या पोटावर शस्त्रक्रियेची जखम असते. वरून टाके वाळले की आतूनही बरं झालं, असं बाकीचे धरून चालतात. मनाचं तर कुणी विचारतही नाही. भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. सनई-चौघड्याच्या घरात बाळाची आई खोलीत रडत बसली, तर तिला ‘अशा शुभ वेळी रडू नये’ असं सांगितलं जातं. तिला त्या वेळी डॉक्टरची गरज असू शकते.

आपल्याकडे बाळंतिणीला विसावा होता, हे विसरता कामा नये. सव्वा महिना वेगळी खोली, शेकशेगडी, तेल लावणारी बाई, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतकाढा, ओव्याची धुरी. पण त्याला पहारा होता तो विटाळाचा. सोयर आहे म्हणून तिला स्वयंपाकघरात यायचं नव्हतं, देवघराला शिवायचं नव्हतं, घरातल्या मंगलकार्यात हात लावायचा नव्हता. हा अपमान होता आणि तो गेला हे उत्तम झालं. शिकलेल्या घरांनी सोयर पाळणं सोडलं, बाळंतीण दहाव्या-बाराव्या दिवशी सगळ्यांत येऊन बसू लागली. मात्र विटाळ काढताना त्याच्या आडोशाने टिकलेली विश्रांतीही आपण काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. पूर्वी सासूला सांगता यायचं, ‘अजून सव्वा महिना झाला नाही.’ आज आधुनिक घरातल्या बाईला ‘मला झोपायचं आहे’ याखेरीज दुसरं कारण उरलेलं नाही, आणि लग्नघरात ते कारण पुरत नाही. अपमानाशिवायची विश्रांती हवी असेल, तर ती घरातल्या माणसांनी ठरवून द्यायला हवी.

हा विसावाही सगळ्यांच्या वाट्याला कधी नव्हता. देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 पासून आहे. तिथे कचरा वेचून पोट भरणाऱ्या बाईला 26 आठवड्यांचा कायदा लागूच होत नाही. ज्यांना रजा मिळते त्यांनी ती जपली, तरच ती बाकीच्यांसाठी मागता येईल.

आता बाळाची बाजू. 2022 च्या ऑक्टोबरात गोवंडीत गोवराची साथ उसळली आणि आमच्या भागातली, म्हणजे महापालिकेच्या एम पूर्व विभागातली लहान मुलं दगावली. गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. साथ इतकी पसरली, की बाधित भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा देण्याची वेळ आली. गोवराचे विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. वातानुकूलित हॉल, पाचशे माणसं आणि प्रत्येकाला बाळाचा मुका घ्यायचा आहे! बाळाला दुसऱ्याच्या हातात द्यायला आई कचरली, की ‘आमची नाही का वाढली पोरं’ हे ऐकावं लागतं. वाढली, पण जी वाढली नाहीत त्यांचीही आठवण त्याच घरांमध्ये असते.

माझ्या मावशीने प्रेमाने सुचवलं होतं, ‘बाळाला माझ्याकडे ठेव आणि तू बस्त्याला जा.’ मी गेले. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर. दुसऱ्या दुकानात पोहोचेपर्यंत पान्हा फुटून ब्लाउज भिजला होता आणि घरी बाळ चमच्याने काही घेईना. पुढच्या खेपेला बाळाला बरोबर नेलं आणि साड्यांच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून, पदराआड पाजलं. एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले, ते कितीही अपुरे असोत, कुणाला तरी सुचले. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र वरपक्षाची एक खोली असते. तिथे बॅगा, आहेराची पाकिटं, कपडे बदलणारे भाऊबंद आणि मेकअप करणारी बाई. बाळाला पाजायचं तेही तिथेच. लाखांत भाडं घेणाऱ्या हॉलने कडी असलेली एक छोटी, शांत खोली द्यावी, ही मागणी जास्तीची नाही. हॉलला परवाने देताना महापालिकेने ही अट घालावी.

लग्नाचं स्वरूप आपण बदलू शकतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती, मोडल्यास 50 हजार रुपये दंड. तरीही लग्नं झाली, संसार सुरू झाले. आणि मुंबईपासून फार लांब नाही, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर जोडपी आधी एकत्र राहतात, मुलंबाळं होतात, आणि पैसे जमले की मग लग्नाचा विधी होतो. लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा मांडवात त्या जोडप्याची स्वतःची लेकरंही असतात. त्यात गरिबीचाही भाग आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन लग्नगडी म्हणून राबणारी माणसं किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी तिथे पाहिली आणि ती वेठ मोडायला 1945 चा लढा उभा राहिला. पण त्या पाड्यांवर कुणी असं म्हणत नाही, की विधी थांबला म्हणून संसार अडला. बाळाची वेळ आली की बाळ येतं, लग्नाची वेळ आली की लग्न होतं.

आमच्या घरात लग्न पुढे नेण्याचा निर्णय भावाने घेतला. एका रात्री मी पत्रिकांवर नावं घालताना बसल्या जागी झोपले. ते पाहून सकाळी तो म्हणाला, ‘ताई, तारीख तू सांग.’ मुलीकडे विचारायला तो स्वतः गेला. तिच्या आईने लगेच होकार दिला, कारण त्यांच्या घरीही बाळंतपण होऊन गेलं होतं. लग्न बाळाच्या गोवराच्या लशीनंतरच्या मुहूर्तावर नेलं. हळद घरच्या घरी, वरात नाही, यादी मावसभावाकडे. मी करवली झालेच, आणि दिवा धरून उभी होते तेव्हा बाळ नवऱ्याच्या कडेवर होतं. मला लग्नातून बाजूला व्हायचं नव्हतं, थकून न जाता त्यात असायचं होतं. बहुतेक बाळांच्या आयांना एवढंच हवं असतं, आणि त्यासाठी भांडावं लागू नये.

तुळशीची लग्नं झाली की पुन्हा हंगाम सुरू होईल. तुमच्या घरात लग्न ठरत असेल आणि कुणाच्या मांडीवर तान्हं बाळ असेल, तर बैठकीत पहिला प्रश्न तिला विचारा, कधी जमेल? तिने सांगितलेला महिना घेऊनच गुरुजींकडे जा. हॉल पाहायला गेलात, तर पार्किंगच्या आधी पाजायची खोली कुठे आहे ते विचारा. नाही म्हणाले, तर दुसरा हॉल पाहा.