बोटभर सरकवलेला नाडा

तामसीच्या शिवारात कापूस घरी आला की वजनाचा काटा लागतो. त्या काट्यापाशी दहावीतला एक पोरगा उभा असायचा. किती क्विंटल भरला, कटती जाऊन पैसे किती, हे तो तोंडी सांगायचा. व्यापारी यंत्रावर पडताळून मान हलवायचा. हाच पोरगा गणिताच्या चाचणीत अर्धा पेपर कोरा देऊन उठला.

गुरुजींनी त्याला प्रश्न वाचायला लावला. 'घ'चा 'ध' होत होता, 'भ'चा 'म'. ओळ संपेस्तोवर तिची सुरुवात हरवायची. मग गुरुजींनीच प्रश्न वाचून दाखवला. उत्तर लगेच आलं.

"त्यालाच का वाचून दाखवता?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. पहाटे उठून अभ्यास करणारी पोर ती. तिचा राग खोटा नव्हता. गुरुजींना उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी ते पोराच्या बापाला भेटायला रानात गेले. हरभऱ्यासाठी वखर चालू होता. एक बैल धिप्पाड, दुसरा दुखण्यातून उठलेला. बापानं जुवाला बांधलेला नाडा धिप्पाड बैलाकडे बोटभर सरकवला.

"हे कशाला?"

"या आजाऱ्याच्या बाजूची दांडी लांब झाली की याच्या खांद्यावर भार कमी येते. रान तर दोघांनाबी तेवढंच वखरायचं हाय, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर जू काढून गुरुजींनी ते वर्गाला सांगितलं. शेतकऱ्यांचीच पोरं, समजायला वेळ लागला नाही. मग त्यांनी 2016चा दिव्यांग हक्क कायदाही सांगितला. वाचनातली अशी अध्ययन अक्षमता त्यातल्या 21 प्रकारांत मोडते, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक देण्याची तरतूद त्यात आहे. पोराच्या दाखल्यासाठी तपासणीची धावपळ गुरुजींनी स्वतः केली. पण नुसत्या सवलतीनं वाचता येत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या भविता केंद्रातल्या बाईंनी दाखवल्याप्रमाणे ते रोज त्याच्याकडून मातीत बोटानं अक्षरं गिरवून घेऊ लागले. पुठ्ठ्याला खाच पाडून दिली, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी.

सराव परीक्षेच्या दिवशी ती मुलगी आपला पेपर देऊन त्याच्या बाकाशी आली. "गुरुजी, मी वाचून दाखवू?"

ती भराभर वाचू लागली.

"हळू," तो म्हणाला.

ती थांबली. पुठ्ठा ओळीवर ठेवला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.